भिंतीवरची गंगा

भागीरथीच्या हातची पहिली फाती आजवर कुणाला विकत मिळालेली नाही. पेडण्याच्या बाजारात ती अबोलीच्या फात्या, म्हणजे केळीच्या दोऱ्यात गुंफलेले गजरे, घेऊन बसते तेव्हा गिऱ्हाइकांच्या वाट्याला येते ती दुसरी, तिसरी आणि त्यापुढची. पहिली घरीच राहते. पहाटे परसातली अबोली खुडायची, दारातल्या बाल्कांवात, म्हणजे बाकं असलेल्या ओट्यावर, बसून पहिली फाती गुंफायची आणि स्टूल ओढून ती बाहेरच्या खोलीतल्या आईच्या फोटोला घालायची, हा तिचा नेम. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा भाचा परेश म्हणाला होता, फोटो थोडा खाली लावू या. "आवयक खाली हाडूची नाय," असं म्हणून तिने त्याला उडवून लावलं. परेश तुयेच्या कारखान्यात दिवसभर साहेबांचं ऐकून येतो. घरी आत्याचं ऐकणं त्याला जड जात नाही.

फोटो काळापांढरा होता, आता त्याला चहाचा रंग चढलाय. जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत एक बाई कमरेपर्यंत दिसते. अंगावर नववारी, नाकात नथ, गळ्यात मंगळसूत्र, हनुवटीवर डावीकडे तीळ. डोळे जरा घाबरलेले, त्या काळी कॅमेऱ्यासमोर बसलेल्या सगळ्यांचेच असायचे तसे. खाली शाईने लिहिलंय: कै. सौ. गंगा नारायण परब. गंगा दुसऱ्या बाळंतपणात मूल घेऊनच गेली, तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि भागीरथी धड बोलतही नव्हती. आईची म्हणून तिच्याकडे एवढी एकच वस्तू होती. आवाज आठवत नाही, वास आठवत नाही, मांडी आठवत नाही; चेहरा मात्र पाठ होता, तो ह्या फोटोमुळे.

आणि बरोबर त्या फोटोखालच्या कदेलीवर, म्हणजे वेताच्या खुर्चीवर, दिवसभर बसलेली असते ती सुलोचना. नात्याने भागीरथीची सख्खी मावशी आणि कागदोपत्री सावत्र आई. गंगा गेल्यावर वर्षाच्या आत नारायणने तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. पोरीला परक्या बाईच्या हातात द्यायला नको, असा विचार. त्या काळी असं पुष्कळ घरांत व्हायचं आणि नवरीला विचारायची पद्धत नव्हती. नारायण मुरगाव बंदरात कामाला, घरी येणार सणावाराला. घर, शेत, म्हैस आणि बहिणीची हट्टी पोर हे सगळं विशीतल्या सुलोचनाच्या अंगावर पडलं. तिने ते निभावलं, पण गोड बोलून नाही. गोड बोलणं तिला कधी जमलंच नाही, अजूनही जमत नाही.

भागीरथीही काही कमी नव्हती. कामाला हाक मारली की ती फोटोकडे बोट दाखवायची. "मी तुझा आयकूचंय नाय. तू माझी आवय नाय. माझी आवय थंय आसा."

सुलोचना त्या बोटाकडे बघायची, मग फोटोकडे, आणि "मगे तिकाच सांग जेवूक वाढूक," म्हणून चुलीकडे वळायची.

मार बसला की भागी धावत येऊन फोटोखाली भिंतीला टेकून बसायची. तिथे बसलं की पाठीशी कुणीतरी आहे असं तिला वाटे. जेवायची वेळ टळली की सुलोचना ताट घेऊन तिथेच यायची, समोर फतकल मारून कोंबावं तसे घास भरवायची. भागी खायची. पोट आणि रुसवा यांत पोटच जिंकतं, हे तिला लहानपणीच कळलं.

पुढे तिला साखळी गावात दिली. नवरा खाणीच्या ट्रकवर. सासरी जाताना भागीरथीने हट्ट धरला की आईचा फोटो मी नेणार. नारायण चिडला. लग्नाच्या घरातून मेलेल्या माणसाचा फोटो कुठे कुणी नेतं? तेव्हा सुलोचना मध्ये पडली. "वचां दी घेवन. माका तो हंय नाय असलो तरी चलता." आपल्याच एका जुन्या लुगड्यात तिने फोटो गुंडाळून दिला. त्या बोलण्याचा भागीरथीने जो अर्थ लावला तो वर्षानुवर्षं जपून ठेवला: मावशीला आपली आई डोळ्यांसमोर नकोच होती.

संसार टिकला नाही. नवरा तापाने गेला, पदरी मूल नाही, सासरच्यांना दोन वेळचं ताट जड झालं. एक पेटी आणि लुगड्यात गुंडाळलेला तोच फोटो घेऊन ती परत आली. सुलोचनाने दारातच तिच्या हातून आधी फोटो घेतला. "खिळो तसोच आसा," एवढंच म्हणाली आणि फोटो जुन्या जागी लावून टाकला. नंतर नारायण गेला. सुलोचनाचा मुलगा, भागीरथीचा सावत्र भाऊ कृष्णनाथ, बंदरातच नोकरीला लागून मुरगावला स्थायिक झाला. घरात दोघी विधवा उरल्या, एक फुलं विकणारी आणि एक कुरकुरणारी. पुढे कृष्णनाथचा मुलगा परेश तुयेला नोकरी मिळाली म्हणून बायकोला, सुविधाला, घेऊन गावी आला. तेव्हापासून भांडण ऐकायला दोन माणसं वाढली.

यंदा गावच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली. वाचनालयाचं काम बघणारी योगिता, हायर सेकंडरीत शिकवते ती, तिच्या डोक्यात आलं की भाषणं आणि शाली यांऐवजी गावातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवावं. ती घरोघरी फिरली. पेट्यांच्या तळातून, देवाच्या तसबिरींमागून, पत्र्याच्या डब्यांतून फोटो निघाले. चोपड्याच्या तरीवर टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका, फेरीबोटीत माणसांपेक्षा टोपल्याच जास्त. हातात काठी आणि डोक्यावर पावांची टोपली घेतलेला पदेर, त्याच्यामागे दोन कुत्रे. मळणीवर बैल आणि बैलांइतकीच दमलेली माणसं. विहिरीवरच्या चार बायका, एकीने फोटोवाल्याला पाहून तोंडावर पदर घेतलेला, तीच सगळ्यांत जास्त हसत असावी.

बाकीचे सगळे फोटो पेडण्याच्या सगुण फोटोवाल्याचे. सगुणकडे एक मेज, मेजावर कागदी फुलांची फुलदाणी, मागे रंगवलेला पडदा आणि भाड्याने मिळणारा एक कोट होता. कोट एकच. गावातली निम्मी पुरुषमंडळी त्या एकाच कोटात अमर झाली आहेत. कुणाच्या बाह्या बोटांच्या पार खाली, तर कुणाच्या कोपराशी. मनगटावरचं घड्याळही एकच, आणि ते बंद असल्यामुळे कुणाचाही फोटो काढा, त्यात वाजलेत तेवढेच. योगिताने टेबलावर सगळे फोटो ओळीने मांडले तेव्हा म्हातारी माणसं कोटावरून भांडायला लागली. हो माझो बापूस. न्हय, तो माझो काका. आठ-दहा घरांनी एकमेकांचे पूर्वज जवळजवळ पळवलेच होते.

भागीरथी फोटो द्यायला तयार नव्हती. रोजचा हार चुकेल, काच फुटेल, अशी कारणं तिने काढली. योगिता म्हणाली, "भागीरथीबाय, गावातल्या बायकांचे फोटो फार थोडे मिळालेत. पुरुष कोट घालून बसले, बायकांना कोण नेणार? तुमच्या आईचा मी मधोमध लावीन. सगळा गाव बघेल."

ह्या शेवटच्या वाक्याने काम केलं. गंगाच्या नावाने गावात काही नव्हतं. तिला पाहिलेली माणसंही एकेक करून गेली. एकदा गावाने आपली आई बघावी, कुणीतरी थांबून विचारावं, ही कोण, आणि आपण सांगावं, ही माझी आवय. भागीरथीने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. हे एवढं तिला हवंसं वाटलं. तिने नव्या टॉवेलात फोटो गुंडाळला आणि दुसऱ्या कुणाच्या हातात न देता स्वतः वाचनालयात नेऊन दिला. नाव मोठ्या अक्षरात लिहायचं, ही अट घातली.

फोटोची प्रत काढायला तो चौकटीबाहेर काढावा लागणार होता. मागचे चुके, म्हणजे बारीक खिळे, गंजलेले. योगिताने ते जपून उपटले, मागची फळी सरकवली, पुठ्ठा अलगद सोडवला. आत फोटो बाहेरून दिसायचा त्यापेक्षा मोठा निघाला. पुठ्ठ्याने खालचा बराच भाग झाकून टाकला होता.

"अय्या, केवढा लपला होता! बघा, हातसुद्धा आलाय."

भागीरथीने पाहिलं. खाली सगुणचं ते मेज होतं, फुलदाणीची बैठक होती, आणि मेजाच्या कडेवर बाईचा उजवा हात होता. हातात बांगड्या. करंगळीला वरचं पेर नव्हतं.

त्या हाताने तिला घास भरवले होते आणि त्याच हातचा मार तिने खाल्ला होता. तो ओळखायला तिला चष्मा लागला नाही. सुलोचनाने लहानपणी आदोळीवर, म्हणजे विळीवर, मासळी चिरताना करंगळीचं टोक घालवलं, ही गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. सुविधा विळीपाशी बसली की अजूनही सांगितली जायची.

"काय झालं?" योगिताने विचारलं. "बसा ना. पाणी देऊ?"

"काय नाय गो."

"खाली काय लिहू? कै. गंगा नारायण परब, एवढंच ना?"

"मागीर सांगतंय," असं म्हणून भागीरथी रिकामा टॉवेल घेऊन घरी आली.

भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन उमटला होता आणि त्याच्या डोक्यावर खिळा. खाली सुलोचना कदेलीवर बसून डुलक्या घेत होती. तिचे दोन्ही हात मांडीत होते. भागीरथी त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि मनातल्या मनात सबबी शोधू लागली. एका घरातल्या दोघी बहिणी, विळी एकच. आईचंही बोट कापलं असेल. कुणी सांगावं? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिला करंगळीचा.

संध्याकाळी तिने सहज विचारावं तसं विचारलं, "मावशे, तुझा बोट कापला तेवा माझी आवय खंय होती?"

"हंयच. तिनाच चुनो लावलो माका."

"तिका कधी लागला नाय विळयेचा?"

"तिका? छ्या. तिची धायय बोटां धड. माझ्यासारखी धसमुसळी न्हय ती." सुलोचना हसली. "नखां बघूक जाय होती तिची."

काडीही गेली. भागीरथी त्या रात्री जेवली, भांडी घासली, झोपली. पहाटे उठून अबोली खुडली, पहिली फाती गुंफली आणि मग ती घालायची कुठे, हे न कळून हातात घेऊन बसली. काही दिवस पहिली फाती अशीच सुकून जात राहिली. सुविधाने एकदा विचारलं, आत्ये, बरं नाही का? भागीरथी म्हणाली, माका कित्याक नाय बरा? आणि त्यावर आणखी कोण काय विचारणार!

शेवटी तिनेच तोंड उघडलं. त्या सकाळी परेश कामावर गेला होता, सुविधा न्हाणीत होती. दोघी बाल्कांवात. भागीरथी गुंफत होती आणि सुलोचना दोन-दोन फुलं जुळवून तिच्या हातात देत होती. नजर अधू झालीय, पण बोटांना सवय आहे.

"मावशे, तो फोटो कोणाचो?"

सुलोचनाचा फुलं देणारा हात थांबला. तिने कुठला फोटो, असं विचारलं नाही. उलट म्हणाली, "पुठ्ठो काडलो?"

"काडलो."

"हां." तिने मांडीवर पडलेली दोन फुलं उचलली, जुळवली आणि पुन्हा खाली ठेवली.

मग तिने सांगितलं, आणि एकदा सुरू केल्यावर ती थांबली नाही. गंगाचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. दिवस-कार्य आटोपलं, नारायणला बंदरावर परत जायचं होतं, आणि त्याच्या मनाने घेतलं की पोर उद्या मोठी होऊन विचारील, माझी आई कशी होती, तेव्हा दाखवायला काहीतरी हवं. तो सगुणकडे गेला. सगुणची एक पद्धत होती. मेलेल्या माणसाचा फोटो नसला तर त्याच तोंडवळ्याचं माणूस बसवायचं, त्याच्या अंगावर मेलेल्याचे कपडे-दागिने घालायचे, आणि बाकीची कसर निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिलीने भरून काढायची. जिवंत माणसांना तो कोट द्यायचा, मेलेल्यांना अख्खं अंग.

"तेवा माझा लगीन जावक नाय होता," सुलोचना म्हणाली. "तिचा लुगडा नेसलंय, तिची नथ घातलंय. तिचा मंगळसूत्र गळ्यात घातला. कुवार चेडू मी, मंगळसूत्र घालून फोटोक बसलंय. सगुण म्हणता, हासा नको. हासता कोण!"

हात मेजावर ठेव, हे त्यानेच सांगितलं होतं. करंगळी त्याच्या लक्षात आली ती फोटो धुतल्यावर. मग त्याने पुठ्ठा मोठा कापला. पुढे नारायणच्या घरच्यांनी तिलाच मागणी घातली. "फोटोक बसलंय तेवाच जाला माझा लगीन. मागसून भटान मंत्र म्हटले तितकेच."

"आनी हार?"

"हार पयलो तुझी आजी घाली. मगे तू घालूक लागलंस. माका पयल्यांदा भंय दिसला गो. जित्या माणसाच्या फोटोक हार! जरा ताप इलो तरी माका वाटा, आता मी जातंय. हांगा खाली चूल फुंकतंय आनी वयर माझोच फोटो हार घालून." तिने बोळकं पसरलं. "मगे म्हटला, बरा जाला. यम दारात येता, वयर बघता, म्हणता, हिका हार पडलो, हिचा काम जाला. आनी तसोच फाटी परतता. म्हणूनच गो उरलंय इतकी वर्सां."

भागीरथी हसली नाही. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. बाप मेलेला, सगुण मेलेला, आजी मेलेली. उरली ही एक, तिचं तोंड सुरकुत्यांनी भरलेलं आणि डोळे पाणावलेले.

"सांगूक काय जाला होता तुका? मी काय बारीक उरलंय काय?"

"बारीक असताना तू त्या फोटोकडे उलय. शाळेत काय जाला ता सांगा. तुझ्याकडची ती आवय काडून घेव मी? मगे तू मोठा जालंस, आनी माझ्याकडे धड उलयनासा जालंस. तेवा सांगून कोण खरा मानता?" सुलोचना जरा थांबली. "आनी माका बरा दिसा. माझ्याकडे झगडून तू वचा, आनी बसा खंय? माझ्याच फोटोखाली. मी चुलीकडसून बघी. म्हटला, बसां दी. खंय का जायना, माझ्याकडेच बसला मा."

भागीरथीच्या हातातला दोरा सुटला. गुंफलेली फुलं मांडीभर पसरली. इतकी वर्षं तिने एका बाईला आई मानलं नव्हतं आणि त्याच बाईला रोज पहाटे फुलं वाहिली होती. ह्याला काय म्हणायचं ते तिला कळेना. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती, आणि ती तिच्या तोंडून निघाली तेव्हा आवाज लहान मुलीसारखा आला.

"मगे माझी आवय कशी होती?"

"तुझी आवय?" सुलोचनाने डोळे मिटले. "काळीसावळी. माझ्यापरास उंच. हासताना हंयचो दात..." तिने ओठाला बोट लावलं आणि तशीच राहिली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "याद करूक गेलंय की तो फोटोच फुडे येता गो. माझोच. तिचा तोंड माझ्याकडसूनय गेला."

हे बोलून ती रडली. तिला रडताना भागीरथीने बापाच्या मरणातही पाहिलं नव्हतं. तिने मावशीच्या पाठीवर हात ठेवला, ठेवायचा की नाही हे न ठरवताच, आणि मग तो तिथेच राहू दिला.

"तीळ मात खरो," सुलोचना नाक पुसत म्हणाली. "तिका होतो. मीच सगुणाक दाखयलंय, हंय काड म्हणून."

दोन दिवसांनी परेशने निरोप आणला, योगिता विचारतेय, नाव काय लिहायचं. भागीरथी स्वतः गेली आणि तिने लिहवून घेतलं: सुलोचना परब, लग्नाआधीचा फोटो, लुगडं थोरल्या बहिणीचं, गंगाचं. योगिताने डोळे मोठे केले, पण भागीरथीचा चेहरा बघून पुढचा प्रश्न गिळला. पुठ्ठा पुन्हा लावायचा नाही, असंही भागीरथीने सांगितलं.

प्रदर्शनाला परेशने आजीला गाडीतून नेलं. गावाने गर्दी केली होती. कोटवाल्यांच्या ओळीसमोर अजून तंटे चालले होते. मधोमध सुलोचनाचा फोटो, हात मेजावर, करंगळीसकट. शेजारच्या वाड्यावरची मालती, तीही ऐंशीच्या घरातली, खालचं नाव न वाचताच वाकून बघत म्हणाली, "अगे, ही नारायणाची पयली न्हय? भागीची आवय?"

भागीरथीने इतकी वाट बघितलेला प्रश्न तो हाच. सांगायला ती एक पाऊल पुढे सरकली.

"न्हय गो," सुलोचनाच म्हणाली. "ता मी. भागीची आवय ह्याच्यापरास बरी होती."

मालती फोटोकडे आणि सुलोचनाकडे आळीपाळीने बघत राहिली. शेवटी म्हणाली, "बरा दिसा होतंस मगे," आणि पुढच्या फोटोकडे गेली.

प्रदर्शन संपल्यावर फोटो घरी आला. भागीरथीने परेशला समोरच्या भिंतीवर, कदेलीवरून नीट दिसेल अशा उंचीवर, नवा खिळा ठोकायला लावला आणि फोटो तिथे टांगला. जुनी भिंत मोकळी राहिली. परेश म्हणाला, तो जुना खिळा काढून टाकू? भागीरथी म्हणाली, त्याला हात लावू नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पहिली फाती गुंफली, स्टूल ओढलं, कुरकुरत्या गुडघ्यांनी वर चढली आणि ती फाती जुन्या, रिकाम्या खिळ्याला अडकवली. त्या फिकट चौकोनावर अबोलीचा लाल-केशरी रंग चांगला उठून दिसला. सुविधा चहा घेऊन आली, ती कप हातात घेऊन तशीच थबकली.

"आत्ये, खिळ्याक हार कोणाचो?"

"माझ्या आवयचो."

सुलोचना कदेलीवरून हे सगळं बघत होती. आधी खिळ्याकडे, मग समोरच्या भिंतीवरच्या आपल्या बिनहाराच्या फोटोकडे.

"आनी माका नाय हार?"

"जित्या माणसाक हार घालीत नाय," भागीरथी स्टुलावरून उतरत म्हणाली.

म्हातारीने थोडा विचार केला. "मगे आता यमाक कळतला."

"कळां दी. दारात मी बसतंय. माका ओलांडून येऊचो पडतलो तेका."

ती बाल्कांवात जाऊन बसली आणि दुसरी फाती गुंफायला घेतली. ती पुरी झाल्यावर टोपलीत न टाकता आत घेऊन आली आणि सुलोचनाच्या मागे उभी राहून तिच्या पांढऱ्या, सुपारीएवढ्या अंबाड्यात माळू लागली.

"अगे, विधवा म्हातारेक फुलां? लोक काय म्हणतले?"

"इतकी वर्सां रोज घेतलंस, तेवा नाय याद जाली लोकांची?"

सुलोचना तोंडातल्या तोंडात बरंच काही पुटपुटली, पण मान मात्र हलवली नाही, फुलं नीट बसेपर्यंत ताठ धरली. तेव्हापासून पेडण्याच्या बाजारात भागीरथीच्या टोपलीतली पहिली फाती म्हणून जी मिळते, ती तिसरी असते.